आठवड्याला एक चाल

परळ, १२ जानेवारी २०२५

धनेश,

तुझी जाहिरात वाचली. ईमेलवरून युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या त्या साइटवर ‘प्रतिस्पर्धी हवा’ असं एक पान आहे. लोक सकाळच्या चहाबरोबर राशिभविष्य वाचतात, मी ते पान वाचते. आज तिथे तुझं नाव. डी. डी. सावंत, ॲबरडीन. समुद्रावरचा कुठलाही खेळ चालेल, आठवड्याला एक चाल, गप्पा नकोत. आणि सगळ्यात खाली, ‘कृपया मध्येच गायब होणारे नकोत’.

हे तू लिहावंस? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तुझी आई, आमच्या काकू, गेल्या त्या वर्षापासून चाळीतल्या एकाही माणसाच्या फोनला तू उत्तर दिलेलं नाहीस. माझ्याही नाही. चहा नाकातून आला माझ्या.

तर मी अर्ज करते. एलिना, वय सेहेचाळीस, परळ, खोली कुठली ते तुला ठाऊक आहे. अनुभव भरपूर, नशीब खराब. पोलंडचा एक जण होता, अतिशय सभ्य, तीन चालींनंतर मेलाच जणू. नागपूरचा एक होता, त्याला दिवसातून चार मेल हवेत. मी ऑफिसात हिशेब जुळवू की त्याच्या रणगाड्यांना उत्तरं देऊ? आणि एक बाई होती, छान खेळायची, पण हरायला लागली की तिच्या घरचं इंटरनेट बंद पडायचं. चांगला प्रतिस्पर्धी मिळणं लग्न जमण्यापेक्षा अवघड आहे, आणि माझं तेही जमलं नाही. सावकाश खेळणारा मला चालतो. न सांगता जाणारा चालत नाही.

खेळ कुठला ते मीच सुचवते. आपला. माझ्या भावाने, ज्युलियनने, बोटीवरून आणलेल्या त्या खोक्यातले नियम घेऊन आपण कॅलेंडरच्या पाठीवर कोकणचा किनारा काढला होता, तो कागद माझ्याकडे आहे. वर मुंबई, मग अलिबाग, मुरुड, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, आणि तळाला मालवण. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बटणंही आहेत. तुझी सात गलबतं, माझं आरमार. तुझा म्होरक्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, धोंडूकाकांच्या, वॉचमनच्या डगल्याचं ते पितळी बटण, मालवणला पोचला की तू जिंकलास. मी बुडवला किंवा मुंबईला परत हाकलला की मी जिंकले.

कागदाचा फोटो जोडलाय. छापून घे आणि तुझा पट तू मांड, माझा मी मांडते. फासे कॉम्प्युटर टाकेल, दोघांना एकच आकडा येईल. एकदा पाठवलेली चाल परत घ्यायची नाही. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं. बास, एवढेच नियम.

एलिना


परळ, २६ जानेवारी

धनेश,

‘ठीक. फक्त चाली. घरचं काही लिहू नये.’ किती रे शब्द वापरलेस! तिकडे शब्दांवर टॅक्स आहे का?

बरं, मान्य. चालीच्या खाली मी चार ओळी लिहीन, मला सवय आहे, पण तुझ्या घरचं नसेल. वाचायच्या नसतील तर नको वाचूस.

पट मांडला. आमच्या खोलीत जागा कुठली, ममाची कॉट, माझी कॉट आणि मधलं टेबल, त्यावर जेवायचं, भाजी चिरायची, तिची औषधं ठेवायची. महिनोन् महिने कागद पसरून ठेवायचा म्हणजे कुणी हात न लावणारी जागा हवी. एक टेबल मिळालंय. खिडकीजवळ आहे, उजेड चांगला येतो. वर काच टाकलीये, म्हणजे कागद उडणार नाही. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की तिथे जाते, तुझा मेल मोठ्याने वाचते, चाल लावते, माझी ठरवते. मोठ्याने वाचलं की चूक होत नाही, ही माझी जुनी खोड.

तुझी पहिली चाल मिळाली. म्होरक्या मुंबईहून अलिबाग. माझ्या आरमारातली दोन मोठी जहाजं, माझी गुराबं, जयगडला उभी केलीत. ये आता.

ॲबरडीनला थंडी फार आहे असं वाचलं. हे घरचं नाही, हवामान आहे.

एलिना


परळ, १६ फेब्रुवारी

धनेश,

मागच्या रविवारी तुझी चाल आली नाही. ह्या गुरुवारी आली, आणि त्यात उशिराबद्दल ‘उशीर झाला’ एवढंच. झाला ते मलाही दिसतंय. आधी का नाही कळवलंस? मी रविवारी टेबलाशी बसून राहिले. मी एकटी नव्हते.

आता तू विचारलंच आहेस तर सांगते. मी नुसतं ‘खिडकीजवळचं टेबल’ लिहिलं आणि तुला शंका आली, म्हणजे घर विसरलेला नाहीस. हो, ते काकूंच्या शिलाई मशीनचं टेबल आहे. मशीन खाली काढून ठेवलंय. हिंदमाताच्या दुकानातल्या साड्यांना त्या फॉल लावायच्या तेच टेबल, कडेला कात्रीच्या खुणा आहेत अजून. पट तुझ्या घरात आहे, धनेश.

मी लपवलं, कारण सांगितलं असतं तर तू खेळलाच नसतास. आणि मला खेळायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला रविवारी त्या खोलीत जायला एक निमित्त हवं होतं. काकूंच्या मागे काका कुणाला आत बोलवत नाहीत. शेजारची नम्रता रात्रीची भाकरी देते ती दारातूनच घेतात. ‘काका, पट मांडायला जागा देता का?’ म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, कोणाबरोबर खेळतेस? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली.

तुझ्याबद्दल ते विचारत नाहीत, घाबरू नकोस. मी मेल वाचते तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसतात. पण मी चाल लावून झाली की उठतात, चष्मा लावतात आणि कागदाकडे बघून विचारतात, “खंय पोचलो?” मी बोट ठेवते. मुरुड. हर्णै. ते मान हलवतात आणि परत जाऊन बसतात.

मागच्या रविवारी चाल नव्हती. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिला, काढला. दुपारपर्यंत तीनदा.

म्हणून सांगते, चालीची वेळ सांभाळ.

एलिना


परळ, २ मार्च

धनेश,

‘मी खेळ सोडतो.’ सोड. कोण अडवतंय? पण सोडायचीही रीत आहे. तुझ्याच जाहिरातीत आहे, मध्येच गायब होणारे नकोत. हार मान्य करायची, ‘खेळ छान झाला’ लिहायचं आणि जायचं. तेही तू केलं नाहीस, उलट त्याच मेलच्या तळाला चाल दिलीस. म्हणजे राग माझ्यावर, आणि म्होरक्या निघाला विजयदुर्गाला. मला तुझा हा स्वभाव तुझ्यापेक्षा जास्त कळतो, मी तुझ्याशी गॅलरीत लगोरी खेळलेय.

आता कामाचं. तुझी चाल चुकलीये. ‘म्होरक्या रत्नागिरी ते विजयदुर्ग’ असं लिहिलंस. म्होरक्या रत्नागिरीला नाहीच, जयगडला आहे. माझ्या पटावर मी स्वतः बघितलं. तू एक घर पुढे धरून चाललायस. तपास आणि पुन्हा पाठव.

एलिना


परळ, १६ मार्च

धनेश,

मी लबाडी करते?

हे वाक्य मी ऑफिसात वाचलं आणि माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की शेजारच्या प्रितीने पाणी आणून दिलं. तू म्हणतोस तू सगळे मेल काढून एक एक चाल पुन्हा लावलीस आणि म्होरक्या विजयदुर्गाला आहे, माझ्या गुराबांना चुकवून. आणि मी हरायला लागले म्हणून तुझं गलबत गुपचूप मागे ढकलते. वीस-पंचवीस वर्षं मी हा उद्योग करतेय. मी वाईट फासे सोसलेत, वाईट प्रतिस्पर्धी सोसलेत, पण दुसऱ्याच्या सोंगटीला कधी बोट लावलं नाही. काकूंच्या टेबलावर बसून लावीन?

पण रागाच्या भरात मीही सगळे मेल काढले. आणि धनेश, तू बरोबर आहेस. मेलप्रमाणे म्होरक्या विजयदुर्गाला. पटावर तो हर्णैला आहे. फक्त तोच. बाकीची सहा बटणं जिथल्या तिथे. माझ्याकडून बघताना चूक झाली म्हणावं, तर एकाच बटणाची आणि दर वेळी उत्तरेकडेच कशी होईल?

शिमग्याला अर्धी चाळ गावी गेली होती, काका गेले नाहीत. खोलीत तेच. नम्रताला विचारलं, तू टेबल पुसतेस का? ती म्हणाली, मला उंबऱ्याच्या आत कोण घेतंय. कबुतरं येतात खिडकीत, पण कबुतर पितळी बटणच बरं उचलेल, आणि ते मोजून मुंबईच्या बाजूला ठेवेल!

म्होरक्या मी तुझ्या चालीप्रमाणे विजयदुर्गाला नेऊन ठेवला. यापुढे दर रविवारी पटाचा फोटो पाठवते. लबाड म्हणालास ते मात्र मी विसरणार नाही. निदान ईस्टरपर्यंत.

एलिना


परळ, ३० मार्च, पाडवा

धनेश,

हे पत्र लांब होणार आहे. बसून वाच.

मागच्या रविवारी ममाला ताप होता म्हणून पटाशी जाणं जमलं नाही. आज मिस्सा लवकर संपला म्हणून मी नेहमीपेक्षा आधी गेले. दार लोटलेलं होतं. काका टेबलाशी उभे होते, चष्मा लावून, काच बाजूला सरकवून. त्यांचं बोट पितळी बटणावर होतं. मी उंबऱ्यात, ते टेबलाशी. त्यांनी मला पाहिलं आणि बोट काढलं नाही. सावकाश बटण सरकवलं, एक घर वर, नीट मधोमध बसवलं, काच परत ठेवली. मग खिडकीशी जाऊन बसले.

म्हणजे रविवारी मी चाल लावायची, आणि आठवडाभर ते एक एक बंदर तुला परत आणायचे. विजयदुर्गाहून रत्नागिरी, जयगड, दाभोळ. आज पुन्हा हर्णै. मी मूर्खासारखी कबुतरांवर संशय घेत होते.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. तुझ्याकडून लबाड ठरले ते ह्यांच्यामुळे. मी म्हटलं, काका, हा खेळ आहे, तो तिकडे जिंकत आलाय, एकदा मालवणला पोचला की संपलं. तुम्ही त्याला मागे ओढताय. ते म्हणाले, मालवणात कोण हा त्येचा? आमचा घर पडला, भाऊ वारलो. तो थंय जावन काय करतलो?

मग मी चहा ठेवला. चहा पिताना त्यांनी मला विचारलं की मेलवर पाठवलेली चाल परत घेता येत नाही, असं पट मांडताना त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं, ते खरं का. मी हो म्हटलं.

“मगे मी तरी कसा घेव?” काका म्हणाले. “बोललंय ता बोललंय.”

कुठलं बोलणं ते तुला सांगायला नको. काकू गेल्या तेव्हा मी गॅलरीत होते, दार उघडं होतं, सगळी चाळ कान देऊन होती. कोरोनात विमानं बंद होती, तू फोनवर म्हणत होतास की काहीतरी करतो, बाबा, दोन दिवस द्या. आणि काका ओरडले, “आता कशाक येतलंस? येव नको.” मी काही त्याला मुलामा देणार नाही. ते तेव्हा चिडलेले होते आणि त्यांना तेच म्हणायचं होतं. काकू शेवटपर्यंत तुझं नाव घेत होत्या, आणि कुणावर तरी राग काढायला काकांसमोर फक्त तो फोन होता. तू ते शब्द धरून बसलास. तेही धरून बसले. एकाच खाणीतले दगड तुम्ही दोघं.

पण आज मला कळलं की गेली चार वर्षं त्या माणसाला एक वाक्य उलटं म्हणायचंय आणि तोंड उघडत नाही. तोंडाऐवजी बोट वापरतात. मला वाईट वाटलं, धनेश. इतकं की चहाचा कप धुताना हातातून निसटला. काकूंचा निळा कप. फुटला. काका म्हणाले, जावंदे.

बटण मी हलवलं नाही. आज फोटोही पाठवत नाही.

एलिना


परळ, १३ एप्रिल

धनेश,

दोन रविवार गेले. पाडव्यानंतर तू फक्त एक चाल पाठवलीस, म्होरक्या विजयदुर्ग ते देवगड, आणि पुढे गप्प. तोंडात मिठाची गुळणी. हा उशीर तू आधी कळवला नाहीस, तरी मी आज भांडणार नाही.

मंगळवारी काका न्हाणीघराच्या दारात पडले. चाळीतल्या जगदीशने उचललं, मी टॅक्सी बघितली. दवाखान्यात चार दिवस होते. डॉक्टर बाई तरुण आहेत, नीट समजावून सांगितलं. हृदय थकलंय. ह्या वयात चिरफाड नको, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. मी विचारलं, किती महिने? त्या म्हणाल्या, महिन्यांचा हिशेब करू नका.

काल घरी आणलं. आता नम्रताला उंबऱ्याच्या आत घेतात, घ्यावंच लागतं. कॉट टेबलाला लावून ठेवलीये. त्यांनीच लावायला सांगितली.

तू ये, असं मी लिहिणार नाही. ते वाक्य माझं नाही, काकांचं आहे, आणि ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. ते नाही आलं तर मी उसनं म्हणून काय उपयोग? मी तुझी प्रतिस्पर्धी आहे. मी खेळाचंच विचारते.

आपल्यात दोन पट झालेत. तुझ्या पटावर म्होरक्या देवगडला आहे. मालवण एक घर. ही चाल खेळलास की तू जिंकलास, मी अडवू शकत नाही, माझी गुराबं मागे राहिली. इथल्या पटावर तोच म्होरक्या हर्णैला आहे, मुंबईकडे तोंड करून. इस्पितळात जाण्याआधी काकांनी तिथे ठेवला तसा. असा वाद पडला की नियम काय तो आपण लहानपणी लिहिलाच नव्हता. बाहेरच्या खेळांत नियम असतो, दोघांनी मिळून एक पट खरा धरायचा आणि तिथून पुढे चालायचं.

मेलप्रमाणे तुझाच पट खरा, हे मी लिहून देते. मी लबाड नव्हते आणि तूही चुकला नव्हतास. पण ठरवायचं तू. कुठला पट धरू?

आणि आठवड्याला एक चाल हा नियम मी माझ्याकडून मोडते. जेवढ्या चाली पाठवायच्या तेवढ्या एकदम पाठव. मी लावीन.

एलिना


परळ, २० एप्रिल, ईस्टर

धनेश,

तुझा मेल गुड फ्रायडेला दुपारी आला. मी चर्चमध्ये होते, फोन बंद होता. बाहेर येऊन पायरीवर वाचला.

‘बाबांचा पट धर. म्होरक्या हर्णै ते मुरुड. मुरुड ते अलिबाग. अलिबाग ते मुंबई.’

मी तिथेच पायरीवर बसले. एक ओळखीची बाई विचारायला आली, काय झालं ग. मी म्हटलं, काही नाही, खेळात जिंकले.

चाल मी आज लावली, रविवारी, आपल्या रिवाजाप्रमाणे. काकांना उशीला टेकवून बसवलं, काच काढली. मोठ्याने वाचलं. ‘बाबांचा पट धर’ हे मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा त्यांचा चेहरा खिडकीकडे होता. दुसऱ्यांदा वळला.

मग मुरुड. मी बटण ठेवलं आणि थांबले. अलिबाग. थांबले. मला वाटलं तिसरी चाल त्यांनी लावावी, मी त्यांचा हात धरून टेबलाकडे नेला. त्यांनी हात मागे घेतला. मान हलवली, म्हणजे तूच लाव, ही त्येची चाल. इतके दिवस चोरून सरकवणारा माणूस, पण हे एक घर त्यांना तुझ्याकडून हवं होतं. मी लावलं. म्होरक्या मुंबईला.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग ते बटण उचललं आणि बंडीच्या खिशात टाकलं.

तेवढ्यात नम्रता पेज घेऊन आली. काका तिला म्हणाले, “धनेश इलो.” बिचारी पेज घेऊन तशीच गॅलरीत धावली, जिन्याकडे बघून आली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या चाळीने मला विचारलं, धनेश आला म्हणे, कुठे आहे? मला वाटलं, काकांना भ्रम झाला. दिवे लागल्यावर मी जवळ बसले आणि म्हटलं, काका, तो कुठे आलाय? ते बटण आहे नुसतं.

“म्हायत हा माका,” काका म्हणाले. “पण निघालो तरी.”

नियमाप्रमाणे म्होरक्या मुंबईला परतला, म्हणजे मी जिंकले. खेळ छान झाला. मी गॅलरीत येऊन रडले, लपवत नाही.

चाळीला काय सांगू ते मला कळव. काका सगळ्यांना सांगतायत तू आलास. मी त्यांना खोटं पाडणार नाही.

एलिना


परळ, २७ एप्रिल

धनेश,

आज तुझ्या मेलमध्ये चाल नव्हती. विमानाचा नंबर आणि शुक्रवार पहाट, एवढंच. तुझे शब्द अजून स्वस्त झाले नाहीत. असू दे, हे पुरले.

काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. आज श्वास जरा जड आहे त्यांचा, पण ऐकलं. मी औषध दिलं, चादर बदलली. मग त्यांनी विचारलं, “इमानात जेवूक घालतत?” मी म्हटलं घालतात, दोनदा घालतात. त्यांना ते पटलं नाही. नम्रताला सांगून ठेवलंय, शुक्रवारी सकाळी भात आणि तिखलं कर म्हणून. बांगडे मी आणणार आहे.

मग त्यांनी मला बसवायला सांगितलं. बंडीच्या खिशातून ते बटण काढलं. ईस्टरपासून तिथेच होतं, बंडी बदलली की ह्या खिशातून त्या खिशात जायचं, कुणाला हात लावू देत नव्हते. मला वाटलं माझ्या हातात देतील. दिलं नाही. टेबलाकडे वाकले, मी पाठीला हात लावून धरलं, आणि त्यांनी ते स्वतः पटावर ठेवलं. मुंबईला नाही, हर्णैला नाही. बोट किनाऱ्यावरून खाली खाली नेलं, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, आणि बरोबर देवगडला ठेवलं. मी दर रविवारी वाचत होते, ते दर रविवारी ऐकत होते. तुझा म्होरक्या खरा कुठे आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

“थंय होतो तो,” काका म्हणाले. “थंयसून खेळांदे.”

झालं. माझा विजय गेला. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा जिंकलेला खेळ असा उलटवला, आणि मी एक शब्द बोलले नाही.

काच आता ठेवत नाही, त्यांना हाताने चाचपता येत नाही मग. कॉट टेबलाशीच आहे. दार रात्री लोटलेलं असतं, कडी नसते, पहाटे उतरलास की वाजवू नकोस, सरळ आत जा. मी समोरच आहे.

म्होरक्या देवगडला उभा आहे. पुढची चाल मी मेलवर घेणार नाही.

एलिना